पानगळीत नॅरोबोट: ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन ते डंडास, एका दिवसात

इंग्लंडच्या कालव्यांवर एक दिवसासाठी नॅरोबोट, म्हणजे कालव्यात चालणारी लांब आणि अरुंद बोट, भाड्याने घ्यायला परवाना लागत नाही आणि परीक्षाही द्यावी लागत नाही. सकाळी अर्धा तास शिकवतात, हातात किल्ली देतात आणि निघा म्हणतात. त्यामुळे बरीच कुटुंबं दोन चुका करतात. पहिली, नकाशावर फार लांबचं ठिकाण निवडतात. दुसरी, तिथे पोचल्याशिवाय मागे फिरायचं नाही असं मनाशी ठरवून बसतात. उन्हाळ्यात हे निभावून जातं, कारण रात्री नऊपर्यंत उजेड असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात निभावत नाही. म्हणून पुढचं सगळं एका गोष्टीभोवती आखलं आहे: मागे कधी वळायचं हे घड्याळाने ठरवायचं, ठिकाणाने नाही.

हा मार्ग का

केनेट अँड एव्हन कालव्याचा ब्रॅडफर्डपासून बाथपर्यंतचा तुकडा नवख्यांसाठी इंग्लंडमधल्या सर्वांत सोयीच्या तुकड्यांपैकी आहे. लॉक म्हणजे बोटीला पाण्याच्या एका पातळीतून दुसऱ्या पातळीत नेणारी, दोन्हीकडे दरवाजे असलेली कोठी. ब्रॅडफर्डचं लॉक सोडलं की बाथच्या लॉकपर्यंत सुमारे ९ मैल पाणी एकाच पातळीत आहे, मध्ये एकही लॉक नाही. हा कालवा १८१० साली पूर्ण झाला, पुढे रेल्वेने त्याचा धंदा खाल्ला, विसाव्या शतकात बराचसा भाग निकामी झाला आणि स्वयंसेवकांच्या अनेक वर्षांच्या खटपटीनंतर १९९० मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते तो पुन्हा सुरू झाला.

या वाटेवर दोन जलसेतू लागतात, म्हणजे कालव्याला नदीवरून पलीकडे नेणारे पूल. पहिला ॲव्हनक्लिफ, ब्रॅडफर्डपासून साधारण दीड मैलावर. दुसरा डंडास, त्याच्यापुढे तीनेक मैलांवर. दोन्ही जॉन रेनी या अभियंत्याने बांधले. डंडासचं काम १८०५ मध्ये पुरं झालं. कालवा कंपनीचे पहिले अध्यक्ष चार्ल्स डंडास यांचं नाव त्याला दिलं. बाथच्या पिवळसर दगडातली त्याची मधली कमान ६४ फुटी आहे. ॲव्हनक्लिफची मधली कमान बांधल्यावर थोड्याच काळात खचली. तिचा बाक काठावर उतरून पाहिलं तर आजही दिसतो, बोटीतून दिसत नाही. दोन्ही पुलांच्या मधल्या लिंपली स्टोकच्या दरीत उतारावर झाडी आहे. पानगळीत इथे यायचं ते या तीन मैलांसाठी.

लंडनहून येणाऱ्यांनी पॅडिंग्टनहून बाथ स्पा गाठावं. तिथून ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन लोकल गाडीने पंधरा मिनिटांवर आहे. ॲव्हनक्लिफलाही छोटंसं स्थानक आहे, पण गाडी तिथे विनंतीवरूनच थांबते: उतरायचं असेल तर आधी कंडक्टरला सांगायचं, चढायचं असेल तर फलाटावरून हात दाखवायचा. ही सोय लक्षात असू द्या. आजोबांना दुपारी थंडी वाजू लागली किंवा लहानग्याला ताप आला, तर दोघंजण इथून गाडीने परत जाऊ शकतात आणि बाकीच्यांचा दिवस मोडत नाही.

बुकिंग करताना

दिवसभराच्या बोटी ब्रॅडफर्ड, हिलपर्टन आणि डंडासजवळच्या मंकटन कूम इथून मिळतात. फोनवर पहिला प्रश्न हा विचारा: तुमचा तळ, म्हणजे बोटी भाड्याने देण्याची जागा, ब्रॅडफर्डच्या लॉकच्या वर आहे की खाली? वर असेल तर हे लॉक जाताना एकदा आणि येताना एकदा, असं दोनदा पार करावं लागतं, आणि नवख्यांचा त्यात एकूण तासभर जातो. मुलांना लॉक फार आवडतं, पण आजीआजोबांबरोबरची पहिलीच सहल असेल तर खालचा तळ बरा.

इतर प्रश्न: बोट किती वाजता परत हवी? शौचालय आहे का? शेगडी आहे का आणि किती बर्नरची? मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आहेत का? वजन सांगून आधीच राखून ठेवा, कारण छोट्या मापाची मोजकीच असतात. अनामत किती आणि कशासाठी कापतात? डिझेल बहुतेक भाड्यातच धरलेलं असतं, तरी विचारून घ्या. बोट घेणारी व्यक्ती १८ वर्षांची हवी, काही ठिकाणी २१ ची. माणसं जास्तीत जास्त १२, आणि पुष्कळ बोटींवर त्याहून कमी. तेरावा काका काठाने चालत येईल, हा तोडगा सुचवू नका. तळावर तो रोज कुणीतरी सुचवत असतं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात बहुतेक शाळांना हाफ-टर्मची सुट्टी असते. काही वर्षी दिवाळीही त्याच सुमारास येते, आणि मग सगळी मंडळी एकदमच जागी होतात. त्या आठवड्यासाठी उन्हाळ्यातच बुकिंग करा. आठवड्याच्या मधल्या दिवशी भाडं कमी आणि कालवा मोकळा असतो. अनेक तळ ऑक्टोबरअखेर बंद होतात, आणि नोव्हेंबरपासून लॉकच्या दुरुस्त्यांसाठी कालव्याचे भाग बंद ठेवले जातात. आदल्या संध्याकाळी कालव्यांची देखभाल करणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टच्या संकेतस्थळावर या कालव्याच्या सूचना वाचाव्यात. पडलेलं झाड, उतरलेली पाणीपातळी, नादुरुस्त लॉक, सगळं तिथे कळतं.

वेळेचं गणित

सूर्यास्त ऑक्टोबरच्या सुरुवातीला पावणेसातच्या आसपास होतो. महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला पावणेपाचलाच सूर्य बुडतो. भाड्याची बोट अंधारात चालवायची नसते. दरीत तर सूर्य टेकडीआड त्याच्याही आधी जातो आणि गारठा लगेच जाणवू लागतो.

कालव्यावर वेगमर्यादा ताशी ४ मैल आहे, पण ती कमाल. या तुकड्यावर काठाला राहत्या बोटींच्या लांबच लांब रांगा असतात आणि प्रत्येक रांगेपाशी इंजिन अगदी मंद ठेवावं लागतं. तेव्हा सरासरी ताशी २ ते २.५ मैलच धरा. ब्रॅडफर्ड ते डंडास सुमारे साडेचार मैल, म्हणजे जायला दोन तास किंवा थोडं जास्त.

आता हिशेब असा करायचा. समजा, बोट १० वाजता ताब्यात आली आणि ४ ला परत द्यायची आहे. एकूण ६ तास. जेवणाचा १ तास वजा, अडचणींसाठी अर्धा तास वजा. उरले साडेचार तास. त्याचे निम्मे सव्वादोन. म्हणजे सव्वाबाराला तुम्ही जिथे असाल तिथून पुढे फक्त वळायची जागा शोधायची. डंडास पुढच्या वळणावर दिसत असला तरी. लॉक पार करायचं असेल तर निम्मे करण्याआधी आणखी एक तास वजा करा. कालव्याला नदीसारखा प्रवाह नसतो, त्यामुळे परतीला जवळपास तेवढाच वेळ लागतो. जास्त लागला तर तो वाऱ्यामुळे.

जेवण वळून झाल्यावरच करा, आधी नाही. बोट परतीच्या दिशेला तोंड करून बांधलेली असली की जेवण निवांत होतं. आधी जेवलं की गप्पा लांबतात आणि मग दीड वाजता, पोट भरलेलं असताना, दिवसातलं सगळ्यांत कठीण काम करावं लागतं.

सोबत काय घ्यायचं

सुकाणू धरणारा माणूस उघड्यावर उभा असतो आणि बोट इतकी सावकाश जाते की अंगाला हालचाल नाही. १२ अंश तापमानात तासाभराने पाय गार पडतात. थर्मल, स्वेटर, वरून वारा-पाऊस अडवणारं जाकीट, कानटोपी आणि हातमोजे. छत्री घेऊ नका: सुकाणूवाल्याला पुढचं दिसत नाही आणि पुलाखाली ती मोडते. बूट रबरी आणि खाचेच्या तळाचे हवेत. बोटीच्या कडेला जी चार-पाच इंचांची पट्टी असते, तिला गनेल म्हणतात. तिच्यावर ओली पानं चिकटली की तिथून पाय सटकतोच. निघण्यापूर्वी आणि प्रत्येक मुक्कामानंतर ती झाडूने साफ करा. झाडू बोटीवर असतो. टोपी झापेची घ्या. परतताना डंडास ते ॲव्हनक्लिफ तोंड साधारण दक्षिणेकडे असतं आणि दुपारचं उतरतं ऊन उजवीकडून नेमकं डोळ्यांत येतं.

खाण्याचं म्हणाल तर दिवसाच्या बोटीवर बहुधा गॅसची छोटी शेगडी आणि एक किटली असते. घरच्यासारखा प्लग बहुतेक बोटींवर नसतो, त्यामुळे विजेची किटली आणि मायक्रोवेव्ह विसरा. थालीपीठ, धपाटे, दशम्या, चटणी, उकडलेली अंडी, लाडू, असं गारही चालणारं घ्या. गरम हवंच असेल तर घरी कांदा-मिरची चिरून, पोहे वेगळ्या डब्यात घेऊन या आणि बोट बांधलेली असताना फोडणी घाला. तळण अजिबात नको. शेजारून बोट गेली की आपली बोट हलते आणि कढईतलं तेल उसळतं. चहाचं सामान भरपूर घ्या. आलं किसून आणलं तर उत्तम, कारण बोटीवरची किसणी मिळेलच याचा भरवसा नाही.

ऊब यावी म्हणून शेगडी पेटती ठेवू नका आणि थंड वारा येतो म्हणून भिंतीतल्या जाळ्या कापडाने बंद करू नका. त्या जाळ्या मुद्दाम ठेवलेल्या असतात. बंद केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वास नसतो. डोकं दुखणं, मळमळ, सुस्ती ही लक्षणं एकाच वेळी दोघातिघांना जाणवली तर बोट लागली असेल म्हणून सोडून देऊ नका. शेगडी आणि इंजिन बंद करून सगळ्यांनी बाहेर या. गजर देणारं यंत्र केबिनमध्ये कुठे आहे ते सकाळीच पाहून ठेवा.

ताबा घेताना

शिकवणी सुरू असताना दोघांनी पूर्ण लक्ष द्यावं: एक सुकाणू धरणार तो, दुसरा दोर सांभाळणार तो. बाकीच्यांनी तेवढ्या वेळात सामान लावावं. या गोष्टी प्रत्यक्ष करून पाहा: इंजिन चालू करणं आणि बंद करणं (बंद करायचं बटण बऱ्याच बोटींवर किल्लीपासून वेगळं असतं), भोंगा, गियरची दांडी, वल्ह्यासारखा लांब बांबू, फळी, हातोडा आणि खुंट, जीवरक्षक कडं. अडचणीचा फोन नंबर दोन मोबाइलमध्ये भरून घ्या.

कालव्यावर पत्ता पुलाच्या क्रमांकाने सांगतात. प्रत्येक पुलावर छोटी पाटी असते. एका मुलाला वही देऊन प्रत्येक पुलाचा क्रमांक आणि वेळ लिहायला सांगा. त्याला काम मिळतं, आणि बंद पडलात तर तुम्ही कुठे आहात ते एका वाक्यात सांगता येतं. परतीला आपण वेळेच्या किती मागे-पुढे आहोत हेही त्याच वहीतून कळतं.

बोट हाकणं

टिलर म्हणजे मागची सुकाणूची दांडी. ती डावीकडे ढकलली की बोट उजवीकडे वळते. हे पाच मिनिटांत अंगवळणी पडतं. त्याहून जड जाणारी गोष्ट अशी की बोट मध्यावर फिरते. पुढचं टोक उजवीकडे गेलं की मागचं टोक, जिथे तुम्ही उभे आहात ते, डावीकडे फेकलं जातं. काठाला बांधलेल्या बोटीपासून बाजूला व्हायला ऐनवेळी जोरात वळलात तर तुमचं मागचं अंग त्याच बोटीवर जाऊन आदळतं. म्हणून लवकर वळायचं, थोडं वळायचं आणि टिलर पुन्हा मध्ये आणायचा. बोट उशिरा ऐकते, त्यामुळे नवखा माणूस आणखी ढकलतो, मग ती जास्त वळते, मग उलटा ढकलतो, आणि बोट सापासारखी जाऊ लागते. टिलर ढकलून मनात तीन अंक मोजा, मग काय झालं ते बघा.

सुकाणू काम करतं ते पंख्याने (प्रोपेलरने) मागे लोटलेलं पाणी त्यावर आदळतं म्हणून. इंजिन न्यूट्रलला टाकलं की वळणं जवळजवळ थांबतं. रिव्हर्समध्ये तर सुकाणूचा भरवसाच नाही. बोट तिच्या मर्जीने कुठल्यातरी बाजूला जाते. रिव्हर्स हा ब्रेक समजा. पुढून मागे जाताना दांडी मध्ये आणून क्षणभर थांबा, नाहीतर गियरबॉक्सवर ताण येतो. बोटीचं वजन १० ते १५ टन असतं. मंद वेगातही ती थांबायला एक-दोन बोटींइतकी लांबी घेते.

समोरून बोट आली तर आपण उजवीकडे व्हायचं आणि तिला आपल्या डाव्या हाताने जाऊ द्यायचं. म्हणजे भारतातल्या रस्त्याच्या उलट. एरवी कालव्याच्या मध्यातूनच चाला, कारण कडांना आणि वळणाच्या आतल्या बाजूला गाळ साचलेला असतो. वेग बरोबर आहे की नाही हे मागे वळून पाहिल्यावर कळतं. काठावर फुटणारी लाट दिसली तर वेग जास्त आहे. बांधलेल्या बोटींपाशी पोचण्याच्या बरंच आधी इंजिन मंद करा. बोटीशेजारी आल्यावर कमी करून उपयोग नाही. लोक आत राहतात, चुलीवर त्यांचाही चहा असतो.

पुलाखालून जाताना आधीच सरळ रेषेत या. कमान कडेला उतरती असते, त्यामुळे बोट मध्ये नसेल तर छपराची कड दगडाला घासते. दोन्ही जलसेतूंच्या तोंडाशी कालवा जवळजवळ काटकोनात वळतो आणि पलीकडचं दिसत नाही. इथे अगदी मंद व्हा, भोंगा लांब वाजवा, पुढच्या डेकवर मोठ्या माणसाला उभं करा आणि समोरून कुणी येत असेल तर अलीकडेच थांबा.

बोट चालू असताना छपरावर कुणी बसायचं नाही. हात, पाय, डोकं कडेबाहेर काढायचं नाही. बोट काठाला लागतेय असं दिसलं तर ती पायाने अडवायची नाही. खरं तर सगळ्यांना हेच करावंसं वाटतं आणि पाय मोडतात ते यामुळेच. बोटीचा पत्रा दणके खाण्यासाठीच असतो. टिलर ज्या अर्धवर्तुळात फिरतो त्यात सुकाणूवाल्याखेरीज कुणी उभं राहू नये. मागे काही लागलं तर दांडी झटक्यात फिरते आणि माणसाला पाण्यात ढकलते.

लॉक असेलच तर

ब्रॅडफर्डचं लॉक जाताना उतरायचं आणि येताना चढायचं असतं. रुंद आहे, दोन नॅरोबोटी शेजारी मावतात. एका खेपेला दोन लाख लिटरहून अधिक पाणी जातं, म्हणून मागून कुणी येत असेल तर थांबून एकत्र जा. इथे पुष्कळदा स्वयंसेवक असतात, पण असतीलच असं नाही.

उतरताना लॉक भरलेलं हवं. बोट आत घ्या, मागचे दरवाजे आणि त्यांच्या झडपा बंद करा. आता बोट पुढे आणा. मागच्या दरवाजाच्या पायथ्याशी पाण्याखाली सिल नावाचा दगडी उंबरा असतो. तो कुठवर येतो ते भिंतीवरच्या पांढऱ्या रेघेने दाखवलेलं असतं. बोटीचं मागचं टोक त्या रेघेच्या पुढे ठेवा. ते उंबऱ्यावर अडकलं आणि पाणी खाली गेलं तर पुढचं टोक पाण्यात जातं आणि बोट बुडू शकते. अडकल्याची शंका आली की आधी खालच्या झडपा बंद, मग वरच्या हळूहळू उघडून पाणी परत भरायचं. दोर हातात धरायचा, बांधायचा नाही. झडपा उघडायची लोखंडी किल्ली, तिला विंडलास म्हणतात, दांड्यावर तशीच सोडू नका. खटका निसटला तर ती गरगर फिरते आणि उडून लागते.

चढताना उलटं: रिकाम्या लॉकमध्ये शिरून, मागचे दरवाजे लावून, वरच्या झडपा आधी निम्म्याच उघडायच्या. पाणी जोरात आलं की बोट पुढे-मागे आपटते. संपूर्ण वेळ एका माणसाने फक्त बोटीकडे बघायचं, आणि तो थांबा म्हणाला की कारण न विचारता झडपा खाली टाकायच्या.

वळणं

नॅरोबोट कुठेही वळत नाही. तिच्यासाठी कालव्यात ठरावीक जागी विंडिंग होल असतात, म्हणजे काठाला दिलेला रुंद खोबणीसारखा भाग. तळावरच्या नकाशावर तुमच्या लांबीच्या बोटीला चालणाऱ्या जागांवर खुणा करून घ्या. डंडासच्या धक्क्यापाशी जागा आहे, तिच्याआधीची कुठली आहे ते विचारून ठेवा. सव्वाबाराच्या नियमाला या खुणांशिवाय अर्थ नाही.

पद्धत अशी. वेग अगदी कमी करून बोटीचं पुढचं टोक खोबणीत घाला, मऊ काठाला हलकेच टेकेपर्यंत. टिलर पूर्ण एका बाजूला दाबून इंजिनला पुढचा हलका जोर द्या. पुढचं टोक टेकलेलं राहतं आणि मागचं फिरतं. काटकोनाच्या पुढे गेलात की रिव्हर्स घेऊन बाहेर या. दोन-तीनदा पुढे-मागे करावं लागलं तर तसं करा, घाई नाही. मागचं टोक समोरच्या काठाला लागू देऊ नका. पंखा आणि सुकाणू तिथेच आहेत. वारा असेल तर पुढचं टोक वाऱ्याच्या दिशेने घाला, मग मागचं टोक फिरवायला इंजिन आहे. पानगळीत वारा सगळा पालापाचोळा याच कोपऱ्यांत आणून टाकतो, त्यामुळे वळून निघताना पुढे दिलेला पानांचा इलाज हमखास लागतो.

पानं पंख्यात येणं

पानगळीतला हा सर्वांत नेहमीचा त्रास. लक्षणं: इंजिनचा आवाज जड होतो, धूर वाढतो, मागून पाणी फसफसतं पण बोट पुढे जात नाही, टिलर थरथरतो. इलाज सोपा. न्यूट्रल, क्षणभर थांबा, दोन-तीन सेकंद रिव्हर्सचा जोर, पुन्हा न्यूट्रल. पानांचा काळपट गोळा सुटून वर येताना दिसतो. मग पुढे. दाट झाडीखाली हे दर दहा मिनिटांनी करावं लागलं तरी काही बिघडलेलं नसतं. पानांचा तरंगता थर समोर दिसला तर त्याच्यात शिरण्यापूर्वी थोडा वेग घेऊन न्यूट्रलमध्ये तरंगत पार व्हा.

दोन-तीन रिव्हर्सनंतरही सुटलं नाही तर दोर, प्लास्टिक किंवा कापड गुंडाळलेलं असतं. बोट काठाला बांधा आणि तळाला फोन करा. पंख्यापर्यंत हात घालायला मागे वीड हॅच नावाचं झाकण असतं, पण बरेच तळ भाडेकरूंनी ते उघडू नये असं सांगतात. उघडायला सांगितलंच तर इंजिन बंद, किल्ली काढून खिशात, मगच हात. झाकण पुन्हा घट्ट बसलं का ते दोघांनी तपासा. सैल राहिलं आणि इंजिन लावलं तर पंखा पाणी आत फेकतो.

गाळात रुतलात तर पुढे जोर देऊ नका, आणखी रुताल. रिव्हर्सने आलात तसे मागे या. जमलं नाही तर सगळ्यांना मोकळ्या पाण्याच्या बाजूला उभं करा, बोट किंचित कलते आणि सुटते. बांबू तळाशी तिरका टेकवून ढकला, पण बांबू चिखलात अडकला तर तो सोडून द्या, त्याला लोंबकळू नका.

बांधणं आणि उतरणं

टो-पाथच्या, म्हणजे कालव्याकाठच्या पायवाटेच्या बाजूलाच बांधा. वळणावर, पुलाखाली, लॉकच्या तोंडाशी, विंडिंग होलमध्ये कधीच नाही. पुढचं टोक उथळ कोनात काठाकडे न्या, रिव्हर्सने थांबवा, मग मधला दोर घेऊन एकाने पाऊल टाकून उतरा. उडी मारायची नाही. उडी मारावी लागेल एवढं अंतर असेल तर बोट अजून आलेली नाही. पानांच्या थराखाली काठाची कड कुठे संपते ते दिसत नाही, म्हणून आधी बांबूने चाचपा.

काठाला लोखंडी पत्र्याची कड असेल तर तिच्यात अडकवायचे आकडे वापरा. नसेल तर खुंट ठोका: काठापासून हातभर आत, बोटीपासून दूर झुकलेला. पावसाने भिजलेल्या मातीत खुंट सैल होतो आणि जाणाऱ्या बोटीच्या ओढीने उपटून येतो. ठोकल्यावर पायाने हलवून बघा. पुढचा दोर पुढे आणि मागचा मागे, दोन्ही साधारण ४५ अंशांत. दोर वाटेत येऊ देऊ नका. ही पायवाट राष्ट्रीय सायकलमार्ग क्रमांक ४ चा भाग आहे आणि सायकली सुसाट येतात. मुलं उतरताना आधी मोठ्याने उतरून दोन्ही बाजूंना बघायचं.

हा तुकडा पूर्वी फार गळायचा, म्हणून त्याचा तळ नंतर काँक्रीटने बांधून काढला. काही जागी ते काँक्रीट पाण्याखाली काठाशी पायरीसारखं पुढे आलेलं आहे आणि बोट काठापर्यंत येतच नाही. अशा ठिकाणी आजीला हात धरून उतरवण्याऐवजी शंभर यार्ड पुढची जागा शोधा.

कुणी पाण्यात पडलं तर

पहिलं काम दांडी न्यूट्रलला. ओरडायच्या आधी, कडं फेकायच्या आधी. धोका पाण्याच्या खोलीपेक्षा पंख्याचा जास्त. रिव्हर्स अजिबात घेऊ नका. कालवा बहुतेक ठिकाणी मोठ्या माणसाच्या कमरेपासून छातीपर्यंत असतो, म्हणून पडलेल्याला उभं राहायला सांगा. दुसऱ्याने मागे उडी घ्यायची नाही. कडं किंवा दोर टाका, काठाकडे न्या. लॉकमध्ये पडलं तर लगेच सगळ्या झडपा बंद.

मग ओले कपडे उतरवून कोरडे घाला. यासाठी प्रत्येकाचा एक जादा जोड आणि दोन मोठे टॉवेल असतातच असं समजून बॅग भरा. कालव्याच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, मुंबईच्या पावसाळ्यात धास्ती असते तोच. हातापायाला खरचटलं असेल तर वॉटरप्रूफ पट्टी लावूनच दोर हाताळा आणि खाण्याआधी साबणाने हात धुवा. नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत फ्लूसारखा ताप आला तर डॉक्टरांना कालव्याचा उल्लेख आवर्जून करा.

वारा, धुकं, आणि परत देताना

नॅरोबोटीचा तळ सपाट आणि बाजू उंच, त्यामुळे आडवा वारा तिला सरळ काठावर नेतो. अशा वेळी पुढचं टोक किंचित वाऱ्याकडे ठेवून, बोट तिरकी ठेवूनच सरळ जावं लागतं. मंद गेलात तर वारा जिंकतो. तळावरच्या माणसाने आज नको म्हटलं तर वाद घालू नका, तारीख बदलून मागा. सकाळच्या धुक्यात निघू नका. बहुतेक वेळा दहा-साडेदहापर्यंत ते विरतं. पाऊस चालतो.

परत येताना शेवटचा अर्धा मैल सुकाणू सकाळपासून ज्याचा हात बसला आहे त्याच्याकडेच द्या, कारण तळाशी बोटी दाटीने बांधलेल्या असतात आणि तोवर सगळे दमलेले असतात. धक्क्याजवळ तळाचा माणूस हात करत असेल तर दोर त्याच्याकडे टाका आणि तो सांगेल तसं करा. भांडी धुऊन, कचरा पिशवीत भरून ठेवा. काही खरवडलं, मोडलं असेल तर स्वतःहून सांगा. विंडलास आणि हातोडा मोजून द्या, अनामतीतून सर्वाधिक कापलं जातं ते या पाण्यात पडलेल्या लोखंडासाठी.

वेळेआधी पोचलात तर कालव्यापासून चालत थोड्याच अंतरावर चौदाव्या शतकातलं धान्याचं कोठार आहे, टाइद बार्न. आत शिरून छताचं लाकूडकाम जरूर पाहा. तिथून रेल्वे स्थानक जवळच आहे.